उसाला उतार, सभासदाला पायऱ्या



आपल्याकडच्या पुष्कळ घरांतला एखादा मुलगा, पुतण्या नाहीतर जावई आज ठाण्याला नोकरीला आहे. कित्येकांनी घोडबंदर रोडला घरे घेतली आहेत. गळीत हंगाम आटोपला की म्हातारी माणसं तिकडे चार दिवस राहून येतात आणि परत आल्यावर सांगतात, "घर झकास आहे हो, पण एकदा वर गेलं की खाली उतरायची पंचाईत!" या बोलण्याचा सर्वांनी विचार करावा, असे आम्हांस वाटते.

येऊरच्या डोंगराच्या पायथ्याने गायमुखकडे जाणाऱ्या या रस्त्यावर मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ या नाक्यांवर उड्डाणपूल झाले. मोटारीला चढ सोसावा म्हणून त्यांना लांबच लांब उतार दिला आहे, पायरी एकही नाही. पण जिथे सिग्नल नाही तिथे पायी माणसाने पादचारी पुलाच्या पायऱ्या चढायच्या, नाहीतर धावत्या ट्रकांमधून जीव मुठीत धरून पळायचे. कुबडीवाल्याने पळावे कसे? चाकाच्या खुर्चीवरच्याने चढावे कसे? मेट्रोचे खांब उभे राहिले, सप्टेंबर २०२५ मध्ये गायमुखकडील टप्प्यावर गाडीची चाचणीही झाली. स्टेशनाला लिफ्ट असली, तरी मध्येच संपणाऱ्या पदपथावरून त्या लिफ्टपर्यंत पोचायचे कसे, हा प्रश्न राहतोच.

बरे, अडचण नुसत्या सिमेंटची नाही. कुबडी दिसली की रिक्षावाला न थांबता पुढे जातो. दुकानदार समोरच्या अपंग माणसाला सोडून बरोबरच्याला विचारतो, "यांना काय पाहिजे?" पाय अधू झाले म्हणून काय तोंडही गेले? कचेऱ्यांची तऱ्हाही हीच. ऑक्टोबर २०२३ मध्ये विराली मोदी या चाकाच्या खुर्चीवरच्या तरुणीला लग्नाच्या नोंदणीसाठी मुंबईतील खारच्या कार्यालयात जावे लागले. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. अधिकारी खाली यायला तयार होईनात. शेवटी नवरीला स्वतःच्या लग्नासाठी उचलून वर न्यावे लागले. पुढे बोभाटा झाला, तत्कालीन उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी दिलगिरी व्यक्त केली. पण ज्यांचा बोभाटा होत नाही, त्यांचे काय?

कायदा नाही असे नाही. १९९५ साली एक झाला, २०१६ साली त्याहून व्यापक दुसरा झाला. सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सर्वांना वापरता येतील अशा करा, असे त्यात आहे. नियम २०१७ साली निघाले, म्हणजे मुदत केव्हाच टळून गेली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, ही सोय म्हणजे मर्जीची शिफारस नव्हे, तिचे बंधनकारक नियम करा. सरकारी कागदावर 'अपंग'चा 'दिव्यांग' झाला. शब्द बदलला, पायरी मात्र तिथेच राहिली.

आता ठाण्याला नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या दारात काय आहे ते बघू. काटा उंचावर असला की भरली ट्रॉली चढावी म्हणून आपण न सांगता उतार बांधतो. उसाची अडचण आपल्याला कळते. पण शेअर्स विभागाला पायऱ्या, गट ऑफिसला पायऱ्या, सभेच्या व्यासपीठालाही पायऱ्या. म्हणजे उसाला उतार आणि ऊस पिकवणाऱ्याला पायऱ्या! एक सभासद एक मत, हा सहकाराचा पाया. ज्याला सभेच्या जागी पोचताच येत नाही, त्याचे मत कागदावरच राहते. "पोराला पाठवा की," असे सहज म्हटले जाते. पण सभासद पोरगा नव्हे, बाप आहे.

हा चार-दोन माणसांचा प्रश्न आहे, असेही कोणी समजू नये. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे ३० लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. शिवाय कडबाकुट्टीत हात जातो, ट्रॉलीवरून पडून कंबर मोडते, आणि साठीनंतर गुडघे कोणाला सोडतात? आज दुसऱ्याची असलेली पायरी उद्या आपल्यालाही आडवी येणार आहे.

सबब संचालक मंडळास आमची विनंती आहे. येत्या वार्षिक सभेपूर्वी मुख्य कार्यालय व गट ऑफिसांना उतार बांधावेत. हिशेब सोपा आहे : एक फूट उंचीला बारा फूट लांबी, आणि कडेला धरायला कठडा. दोन पायऱ्यांच्या उंचीला हे काम आपल्या सिव्हिल विभागाचे गवंडी चार दिवसांत उरकतील. तोवर ज्याला चढता येत नाही त्याच्याकडे कारकुनाने रजिस्टर घेऊन खाली यावे. ज्याला दिसत नाही त्याचा अंगठा घेण्याआधी कागद त्याला पूर्ण वाचून दाखवावा. सभेत अशा सभासदांना पुढे जागा द्यावी आणि बोलायचे असेल तर माईक त्यांच्यापर्यंत न्यावा.

आणि सभासदांनीही एक करावे. गावात माणसाला त्याच्या व्यंगावरून हाक मारायची खोड आपण सोडावी, त्याला त्याच्या नावाने हाक मारावी. त्याला खर्च तर एका पैचाही नाही.