घरगुती फास्ट चार्जर: धंदा चार्जरचा करायचा की चार्जिंगचा?



इलेक्ट्रिक मोटरसायकलसाठी घरीच फास्ट चार्जर बनवायचा आणि गावात चार्जिंग सेंटर टाकायचं, ही आयडिया सध्या बऱ्याच तरुणांच्या डोक्यात आहे. आपण उदाहरणाला अक्कलकुवा तालुक्यातलं काठी घेऊ. देवगोई घाट, मोलगीचा बाजार, सातपुड्यातले चढ. चढावर बॅटरी लवकर उतरते, म्हणजे चार्जिंगची गरज खरी आहे. पण माझं मत आधीच सांगतो: घरी बनवलेला फास्ट चार्जर शिकायला चांगला, गिऱ्हाईकाच्या गाडीला लावायला नाही.

वेग कोण ठरवतं?

चार्जर मोठा घेतला की गाडी लवकर चार्ज होते, हा गैरसमज आहे. बॅटरी किती अँपिअर घेऊ शकते, हे तिचे सेल आणि तिच्या आतलं बीएमएस ठरवतं. समजा ७२ व्होल्ट, ४० अँपिअर-अवरची बॅटरी आहे. १० अँपिअरच्या चार्जरने तिला साधारण चार तास लागतात, २० अँपिअरने दोन. पण कंपनीने १५ अँपिअरच्या वर नको म्हटलं असेल, तर २० देणं म्हणजे बॅटरीचं आयुष्य कापणं. शिवाय बॅटरी भरत आली की करंट कमी करावाच लागतो. शेवटच्या टप्प्यात फास्ट चार्जरही हळूच चालतो.

आता खरा धोका बघा. ७२ व्होल्टचं लेबल दोन वेगळ्या बॅटऱ्यांवर असू शकतं. एनएमसीचे २० सेल ओळीत असतील तर पूर्ण चार्ज ८४ व्होल्टला होतो. एलएफपीचे २४ सेल असतील तर ८७.६ व्होल्टला. एलएफपीसाठी सेट केलेला चार्जर चुकून एनएमसीला लावला, तर प्रत्येक सेलवर ४.२ ऐवजी ४.३८ व्होल्ट जाऊ पाहतात. मधे फक्त बीएमएस उभं असतं. ते स्वस्तातलं किंवा बिघडलेलं असेल तर आग लागू शकते. २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. ही गोष्ट विसरून हा धंदा करायचा नाही.

बरेच जण जुन्या सर्व्हरचे दोन पॉवर सप्लाय एकाला एक जोडून चार्जर बनवतात. स्वस्त पडतं, मान्य. पण अशा बऱ्याच सप्लायमध्ये आउटपुटची मायनस बाजू बॉडीला जोडलेली असते. दोघांच्या बॉडी एकमेकांना लागल्या की थेट शॉर्ट!

गावातली लाइन

२० अँपिअरला ८४ व्होल्ट म्हणजे जवळजवळ १,७०० वॉट. वाया जाणारी वीज धरली तर भिंतीतून १,९०० वॉट. २३० व्होल्टला हे ८ अँपिअरच्या वर जातं. संध्याकाळी व्होल्टेज १८० वर आलं, तर साडेदहा अँपिअर. साधा ६ अँपिअरचा सॉकेट आणि जुनी वायर याला पुरणार नाही.

आता हिशेब

आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, तुम्ही तुमचे टाका. एका गाडीला सव्वातीन ते साडेतीन युनिट लागतात. युनिट १० रुपये धरलं तर वीज ३३ रुपयांची. गिऱ्हाईकाकडून ६० घेतले तर उरले २७. दिवसाला चार गाड्या म्हणजे १०८ रुपये, महिन्याला ३,२४०.

आणि घरगुती चार्जरने एक बॅटरी गेली तर? ६०,००० ची बॅटरी धरा. २७ रुपयांनी भागा. २,२२२ गाड्या चार्ज कराव्या लागतील, म्हणजे दीड वर्षाची कमाई एका दिवसात गेली. वर गावातला विश्वास गेला, तो वेगळाच. मला फास्ट चार्जर नको वाटतो तो या भागाकारामुळे.

मग करायचं काय?

चार्जर गिऱ्हाईकाचा, वीज आणि जागा तुमची. गाडीसोबत आलेला कंपनीचा चार्जर त्याने आणायचा. तुम्ही द्यायचं ते एवढं:

१. १६ अँपिअरचे सॉकेट, जाड वायर, प्रत्येक सॉकेटला वेगळा एमसीबी.
२. ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आणि पक्कं अर्थिंग. परवानाधारक वायरमनकडूनच.
३. प्रत्येक पॉइंटला सबमीटर, म्हणजे पैशावरून वाद नाही.
४. सावली, हवा, आणि गाडी झोपायच्या खोलीपासून लांब.

चार्जिंग सेंटर टाकायला वीजविक्रीचा परवाना लागत नाही. केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने १३ एप्रिल २०१८ लाच स्पष्ट केलंय की ही सेवा आहे, वीजविक्री नाही. पण घरगुती मीटरवर धंदा करू नका. महावितरणकडे चार्जिंगसाठी वेगळा वर्ग आहे, तिथे अर्ज करा.

आता ३,२४० रुपयांत घर चालत नाही, हे मलाही कळतं. म्हणून चार्जिंग हा जोडधंदा. गिऱ्हाईक चार तास थांबणार आहे किंवा बाजार करून येणार आहे. तेवढ्यात पंक्चर, ब्रेक, चहा, किराणा यातलं जे तुम्हाला जमतं ते विका. कमाई त्या चार तासांत आहे. गाडी अर्ध्या तासात चार्ज झाली तर तो थांबेल कशाला?

आणि राजवाडी होळीच्या गर्दीवर हिशेब मांडू नका. हजारो लोक येतात, पण ती एक रात्र आहे. उरलेले ३६४ दिवस नाक्यावरून किती इलेक्ट्रिक गाड्या जातात ते महत्त्वाचं.

चार्जर बनवायची हौस असेल तर

जरूर बनवा. आयटीआयच्या सरांसमोर, मल्टिमीटर हातात घेऊन, आधी बल्बच्या लोडवर. त्यातून जे शिकाल ते दुरुस्तीच्या कामात येईल. चार्जर दुरुस्त करणारा, बॅटरी तपासून देणारा माणूस डोंगरात सहज सापडत नाही. तिथे तुम्हाला मोकळं मैदान आहे.

पहिलं काम मात्र फुकटातलं आहे. वही घ्या, आठ दिवस नाक्यावर बसा आणि इलेक्ट्रिक गाड्या मोजा. दिवसाला दहाही दिसल्या नाहीत, तर पैसे खिशात ठेवा आणि सहा महिन्यांनी परत मोजा.