हसणाऱ्यांचे अज्ञान

अज्ञान ही लाज वाटण्याची गोष्ट आहे काय, हा प्रश्न विद्यालयात जितक्या वेळा निघावयास हवा तितक्या वेळा निघत नाही. वर्गात एखाद्याचे उत्तर चुकते, हशा पिकतो, तास संपतो आणि हशाही विरून जातो. म्हणून त्याचा विचार करण्याची कोणास गरज वाटत नाही. परंतु तोच हशा लक्षावधी मुखांतून एका व्यक्तीवर उसळला, तर त्यातून काय निष्पन्न होते, याचे एक बोलके उदाहरण इंग्लंडात घडून गेले आहे. ते जेड गुडी या स्त्रीचे होय. तिचा मृत्यू २००९ साली झाला. पण तिच्या आयुष्यापासून घ्यावयाचा बोध अद्याप शिळा झालेला नाही, असे आम्हांस वाटते.

जेडचा जन्म ५ जून १९८१ रोजी लंडनच्या बर्मंडसी भागात झाला. वडील अमली पदार्थांच्या आहारी गेलेले. ती पाच वर्षांची असताना मोटारसायकलच्या अपघातात आईचा एक हात निकामी झाला, आणि ज्या वयात आईने मुलीची वेणी घालावयाची त्या वयात मुलीनेच आईची शुश्रूषा करावी, अशी पाळी आली. पुढे ती दंतवैद्याच्या हाताखाली परिचारिका म्हणून काम करू लागली. २००२ साली ‘बिग ब्रदर’ या कार्यक्रमात तिची निवड झाली. अनोळखी माणसांना एका घरात कोंडावयाचे, त्यांच्यावर अहोरात्र कॅमेरे रोखावयाचे आणि प्रेक्षकांच्या मतांनी एकेकास घराबाहेर काढावयाचे, असे या खेळाचे स्वरूप. आज आपल्याकडेही ‘रिअ‍ॅलिटी शो’ या नावाने तो घरोघर परिचित आहे.

या घरात जेडचे अज्ञान उघडे पडले. ईस्ट अँग्लिया हा तिच्या स्वतःच्या देशाचा पूर्वेकडील प्रदेश. तो तिला परदेश वाटला. केंब्रिज हा लंडनचाच एक भाग असावा, अशी तिची समजूत होती. रिओ द जानेरो हे तिला एखाद्या माणसाचे नाव वाटले. सारा देश खदखदून हसला. वर्तमानपत्रांनी तिच्या बुद्धीची, बोलण्याची आणि देहाची यथेच्छ टवाळी केली. तिला डुकराची उपमा देण्यापर्यंत काहींची मजल गेली. परंतु शाळेत जाण्याच्या वयात घरचे ओझे वाहणाऱ्या मुलीस भूगोल आला नाही, यात हसण्यासारखे काय होते? जो समाज आपल्या एका मुलीस आपल्याच देशाचा नकाशा शिकवू शकला नाही, त्याने वास्तविक खाली मान घालावयास हवी होती. तो मात्र पोट धरधरून हसत होता.

जेडचा त्या स्पर्धेत चौथा क्रमांक लागला. पण प्रसिद्धी तिलाच अधिक मिळाली. पुढील काही वर्षे तिचे एकामागून एक कार्यक्रम दूरचित्रवाणीवर येत राहिले. घरी बसून संगीताच्या तालावर व्यायाम करू इच्छिणाऱ्यांसाठी तिच्या चित्रफिती निघाल्या. २००६ साली तिचे आत्मचरित्र आले, तिच्या नावाचे अत्तरही बाजारात आले व खपले. ज्या देहाची काल थट्टा झाली, त्याच देहाचा व्यायाम पाहण्यासाठी लोक आज पैसे मोजू लागले. या व्यवसायास तुच्छ लेखणाऱ्यांत आम्ही नाही. व्यायामाचा धडा एखाद्या अप्सरेपेक्षा आपल्यासारख्याच दिसणाऱ्या स्त्रीकडून घेणे सामान्य गृहिणीस सोपे वाटते, आणि घाम गाळून मिळविलेल्या पैशास कोणी नावे ठेवू नयेत. तथापि, हे सर्व वैभव उभे होते ते लोकांच्या लहरीवर, आणि तो पाया किती ठिसूळ आहे हे लवकरच दिसून आले.

जानेवारी २००७ मध्ये, प्रसिद्ध व्यक्तींसाठी भरविलेल्या ‘बिग ब्रदर’मध्ये, जेडची गाठ आपल्या शिल्पा शेट्टी यांच्याशी पडली. स्वयंपाकातल्या क्षुल्लक वस्तूवरून भांडण झाले. जेडने त्यांना अर्वाच्य शब्द ऐकविले, त्यांच्या नावास ‘पापडा’ची जोड देऊन त्यांच्या देशाची व वंशाची थट्टा केली. याचे समर्थन कोणी करू नये. आम्हीही करीत नाही. परंतु एक गोष्ट विचार करण्यासारखी आहे. जिच्या उच्चारांना पाच वर्षे सारे हसले, ती संधी मिळताच दुसरीच्या नावास हसली. अपमान हा संसर्गजन्य रोग आहे. ज्याला तो सोसावा लागतो त्याच्या अंगी त्याने सहानुभूती उपजेलच, असा भरवसा नाही. पुष्कळदा तो पुढच्यास देण्याचीच बुद्धी होते.

या प्रकरणाने दोन्ही देशांत खळबळ उडाली. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ‘ऑफकॉम’ या ब्रिटिश संस्थेकडे ४४,००० हून अधिक तक्रारी गेल्या. पाटण्यास निदर्शकांनी प्रतिमा जाळल्या. १९ जानेवारी रोजी प्रेक्षकांनी ८२ टक्के मतांनी जेडला बाहेर काढले. दुकानांतून तिचे अत्तर उचलले गेले. तिने जाहीर माफी मागितली. पुढे ‘ऑफकॉम’ने कार्यक्रम दाखविणाऱ्या वाहिनीसही दोषी ठरविले, आणि ते योग्यच झाले, कारण आग लागलेली दिसत असता घागर शोधण्याऐवजी तिकिटे विकणारा निरपराध कसा मानावा?

यापुढील कथा करुण आहे. शिल्पा शेट्टी यांनी मोठ्या मनाने क्षमा केली होती. ऑगस्ट २००८ मध्ये त्यांच्याच सूत्रसंचालनाखाली सुरू झालेल्या हिंदी ‘बिग बॉस’मध्ये भाग घेण्यासाठी जेड भारतात आली. घरात पाऊल टाकून दोन दिवस होतात न होतात तोच इंग्लंडहून दूरध्वनी आला: तिला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला होता. ती तत्काळ परतली. फेब्रुवारी २००९ मध्ये रोग असाध्य असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. २२ फेब्रुवारीस तिने विवाह केला, आणि बरोबर एक महिन्याने, २२ मार्च रोजी, वयाच्या अवघ्या २७ व्या वर्षी ती निवर्तली. इंग्लंडात तो मातृदिन होता. तिच्या मागे दोन लहान मुलगे राहिले.

शेवटचे दिवसही तिने कॅमेऱ्यासमोर घालविले व विवाहाच्या छायाचित्रांचे हक्क विकले, म्हणून अनेकांनी नाके मुरडली. मरणाचा बाजार मांडणाऱ्या स्त्रीचा आदर्श विद्यार्थ्यांपुढे कशाला, असा आक्षेप येथेही घेतला जाईल. त्यावर आमचे उत्तर असे की, मुलांच्या शिक्षणाची तरतूद करावयाची असल्याचे तिने लपविले नाही. आपणांस जे मिळाले नाही ते मुलांस मिळावे, ही धडपड कोणत्या मातेची नसते? शिवाय तिच्या त्या उघड्या आजारपणातून एक मोठे कार्य घडले. गर्भाशयमुखाचा कर्करोग सहसा अनेक वर्षांत हळूहळू वाढतो. त्यामुळे नियमित तपासणीत त्याची पूर्वचिन्हे वेळीच सापडतात व उपचार होऊ शकतात. २००८ च्या मध्यापासून २००९ च्या मध्यापर्यंत इंग्लंडात नेहमीपेक्षा ४,००,००० हून अधिक तपासण्या झाल्या. जिला काहीच येत नाही म्हणून देश हसला, तिच्यापासून त्याच देशाच्या लक्षावधी स्त्रियांनी जीव वाचविणारा एक धडा घेतला. खरा अज्ञानी कोण होता?

परंतु कथा येथे संपविणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. काही वर्षांतच तेथील तपासण्यांचे प्रमाण पुन्हा घसरले. प्रसिद्धीने आलेले ज्ञान प्रसिद्धीबरोबरच ओसरते. म्हणून जे काम एका अभागी स्त्रीच्या मरणाने वर्षभर केले, ते शाळेने व घराने बारमाही केले पाहिजे. भारतीय स्त्रियांत आढळणाऱ्या कर्करोगांत हा रोग दुसऱ्या क्रमांकावर आहे. तो बहुतांशी ‘एचपीव्ही’ या विषाणूमुळे होतो व त्यावर लस आहे. ब्रिटनमध्ये २००८ पासून १२-१३ वर्षांच्या मुलींना ती देण्यात येऊ लागली. त्या वयात लस देऊ केलेल्या मुलींत पुढे या रोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी झाल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेल्या लसीस २०२२ साली आपल्या देशात परवानगी मिळाली. आमच्या विद्यार्थिनींनी हा विषय आईजवळ व डॉक्टरांजवळ निःसंकोच काढावा. येथे लाजणे म्हणजे शालीनता नव्हे.

राहिला प्रश्न हशाचा. तो परक्या देशाचा म्हणून सोडून देता येणार नाही. बेळगावची, इंदूरची, बडोद्याची मराठी कानी पडताच पुण्या-मुंबईकडे ओठांवर जे हसू उमटते, ते आपणांपैकी पुष्कळांच्या परिचयाचे आहे. ते किती झोंबते हेही ठाऊक आहे. तेव्हा खेड्यातून नव्याने वर्गात आलेल्या मुलाच्या उच्चारास, फळ्यापुढे गोंधळलेल्या मुलीच्या उत्तरास, हसण्याचा अधिकार निदान आपणांस तरी नाही. विनोद अवश्य असावा. विनोदावाचून शाळा म्हणजे कोंडवाडा होईल. पण ज्यास माहीत नाही त्यास हसणे हा विनोद नव्हे. त्यास सांगणे हा धर्म आहे.

‘मला हे ठाऊक नाही’ असे निर्भयपणे म्हणता येणे, हीच विद्येची पहिली पायरी होय. ज्या वर्गात हे वाक्य ऐकून कोणी हसत नाही, त्या वर्गात शिक्षण खरोखर सुरू झाले आहे, असे आम्ही समजतो.