ऑक्टापॅडवाल्याला डीजेच्या पंगतीत बसवू नका

लग्नसराई आली की आपल्या जळगाव-धुळ्याकडे तोच वाद. डीजे बंद करा, पारंपरिक वाद्यं आणा. रात्री दहानंतर आवाज बंद झालाच पाहिजे, त्यात दुमत नाही. पण या रागात ऑक्टापॅड आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या पोरांनाही आपण 'इलेक्ट्रॉनिकवाले' म्हणून त्याच पोत्यात भरतो, हे काही पटत नाही. डीजे गाणं लावतो. ऑक्टापॅडवाला वाजवतो. त्याचा ताल चुकला तर अख्ख्या वऱ्हाडाला कळतं.

हे ऑक्टापॅड बाजारात आणलं जपानच्या रोलँड कंपनीनं, १९८५ साली. कंपनी काढणारे इकुतारो काकेहाशी २०१७ मध्ये गेले. आईवडील लहानपणीच क्षयानं गेलेले, पुढे स्वतःलाही क्षय. सोळाव्या वर्षी घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं, मग रेडिओ दुरुस्त करू लागले. संगीताचं रीतसर शिक्षण नाही. गोलाणी मार्केटात मोबाईल खोलून बसलेला पोरगा डोळ्यासमोर आणा, तसाच माणूस.

१९८० मध्ये त्यांच्या कंपनीचं ८०८ हे तालयंत्र आलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून नावं ठेवली गेली, तीनेक वर्षांत बंदही झालं. पण मुंबईत चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये त्याच यंत्राच्या ठेक्यावर दहा रागांची अख्खी रेकॉर्ड काढली होती. तेव्हा कुणी विचारलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जग चकित झालं. आपल्याला आपलं कौतुक बाहेरून कळतं, हे नेहमीचंच!

काकेहाशींचं मोठं काम मात्र वेगळं. अमेरिकेच्या डेव्ह स्मिथ यांच्यासोबत त्यांनी मिडी ही पद्धत रुजवली. कुठल्याही कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी जोडता येईल अशी, आणि तिच्यावर रॉयल्टी नाही. १९८३ पासून ती सगळ्यांना खुली आहे. पहिल्या ऑक्टापॅडला तर स्वतःचा आवाजच नव्हता. पॅडवर काठी मारायची, आवाज जोडलेल्या दुसऱ्या यंत्रातून यायचा.

माझा मुद्दा इथंच आहे. यंत्र कुणाच्याही आवाजात बोलायला तयार आहे, पण आपण त्याला आपला आवाज दिलाय का? अहिराणी गाणी यूट्यूबवर लाखांनी ऐकली जातात, पण ठेका बहुतेक तोच, तयार मिळालेला. वही गायनातला डफ, सातपुड्यातला ढोल, पावरी त्यात कुठं आहे? आज आवाज रेकॉर्ड करून भरता येतील असे पॅड मिळतात.

धुळ्याच्या राजवाडे मंडळानं जुने कागद पिढ्यान्‌पिढ्या जपले. तसेच हे आवाज जपायला हवेत. जळगावच्या बहिणाबाई चौधरी विद्यापीठानं पुढाकार घ्यावा, नीट रेकॉर्डिंग करावं आणि ते मिडीसारखं सगळ्यांना मोकळं ठेवावं.

यावर कुणी म्हणेल, आवाज यंत्रात गेला की डफवाल्याला कोण बोलावणार? भीती खोटी नाही. म्हणूनच वाजवणाऱ्याचं नाव आणि मानधन आधी ठरवा, माईक नंतर लावा. आणि न रेकॉर्ड करून तरी त्याला कोण बोलावतंय?

तुमच्या गावात अजून वही म्हणणारे, पावरी वाजवणारे कुणी असतील तर खाली फक्त गावाचं नाव लिहा. यादी झाली की निवेदन घेऊन विद्यापीठात जाऊ.