डाळ आधी वाटा, मग जेवायला बसा

कष्टकऱ्यांच्या बहुतेक घरांत आठवड्याचे पाच-सहा दिवस जेवण शाकाहारीच असते. मटण, मासळी आली तर रविवारी, नाहीतर पाहुणा आल्यावर. म्हणजे घरातल्या माणसांच्या अंगात ताकद किती राहणार, हे या पाच-सहा दिवसांच्या ताटावर ठरते. तरीही 'आज काय केले?' असे विचारले की उत्तर येते, 'काही नाही, नुसती आमटी-भाकरी.' आमचे म्हणणे असे की आमटी-भाकरीला 'काही नाही' म्हणू नये. हे जेवण उत्तम आहे. मात्र त्याची जोडी नीट जमली पाहिजे आणि ते घरातल्या प्रत्येकाच्या ताटात पोहोचले पाहिजे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. शाकाहार पवित्र आणि मांसाहार अपवित्र, असले सोवळे आम्ही येथे सांगत नाही. भिक्षूंना मासे-मांस पूर्ण वर्ज्य करावे अशी मागणी देवदत्ताने केली होती आणि भगवान बुद्धांनी ती सक्ती मान्य केली नाही, ही नोंद विनयपिटकात आहे. कोणी काय खावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. आम्ही बोलतो आहोत ते रोज परवडणाऱ्या आणि अंगी लागणाऱ्या जेवणाबद्दल.

आता जोडीचे पाहू. ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ या धान्यांत प्रथिने असतात, पण त्यांत लायसिन नावाचा घटक कमी पडतो. डाळी-कडधान्यांत तो भरपूर असतो. उलट डाळीत मेथिओनिन नावाचा दुसरा घटक कमी असतो, तो धान्यातून मिळतो. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. म्हणून नुसती भाकरी-चटणी खाऊन पोट भरते, पण शरीराची झीज भरून निघत नाही. धान्य तीन भाग आणि डाळ एक भाग, हे प्रमाण आहारतज्ज्ञ सांगतात.

आम्ही पडलो कारकून, तेव्हा हिशेब मांडल्याशिवाय चैन पडत नाही. पाच माणसांना एका वेळेला पीठ-तांदूळ मिळून 600 ग्रॅम लागत असतील, तर सोबत 200 ग्रॅम डाळ किंवा कडधान्य हवे. दोन्ही वेळ धरली तर महिन्याला 12 किलो होतात. ते अनेकांना झेपणार नाही. मग एक वेळ तरी पक्की धरा, म्हणजे 6 किलो. तूरडाळच पाहिजे असा हट्ट नको. मसूर, हरभरा डाळ, मटकी, हुलगे यांपैकी त्या आठवड्यात जे स्वस्त असेल ते घ्यावे. 'पैसे कोठून आणायचे?' असे कोणी विचारील. त्यासाठी एका वहीत महिनाभर बिस्किटे, वेफर्स, पाकिटातल्या शेवया आणि थंड पेयांचा खर्च लिहून ठेवा. महिनाअखेर बेरीज करा आणि डाळीच्या बिलाशेजारी ठेवून पाहा.

दुसरी गोष्ट लोहाची, म्हणजे रक्ताची. बाजरीत ज्वारी-गव्हापेक्षा लोह जास्त असते. पालेभाज्यांतही लोह असते, पण ते शरीराला सहज घेता येत नाही. सोबत लिंबू, आवळा, कच्चा टोमॅटो असे 'क' जीवनसत्त्व असलेले काही असले की ते अधिक शोषले जाते. हे जीवनसत्त्व उष्णतेने नाश पावते, म्हणून लिंबू भांडे चुलीवरून उतरवल्यानंतर पिळावे. जेवणाबरोबर चहा मात्र घेऊ नये. चहातले टॅनिन लोह अडवते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या मार्गदर्शनातही जेवणाआधी व नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळावी असे म्हटले आहे. पालेभाजी चिरण्याआधी धुवावी, चिरल्यावर नव्हे. डाळ लवकर शिजावी म्हणून खाण्याचा सोडा घालू नये, त्याने 'ब' जीवनसत्त्व नष्ट होते.

आता प्रत्यक्ष चुलीपाशी जाऊ. पाच माणसांसाठी 200 ग्रॅम मटकी सकाळी कामावर जाण्यापूर्वी भिजत घाला. रात्री पाणी काढून ओल्या फडक्यात घट्ट बांधा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोड तयार असतात. मोड आल्याने 'क' जीवनसत्त्व वाढते आणि लोह अडवणारा घटकही कमी होतो. लोखंडी कढईत दोन चमचे तेलावर मोहरी, जिरे, ठेचलेला लसूण आणि एक मोठा कांदा परता. हळद, तिखट, मटकी घालून बुडेल इतके पाणी घाला आणि झाकण ठेवून पंधरा-वीस मिनिटे शिजवा. मीठ आणि दोन चमचे शेंगदाण्याचे कूट घालून एक उकळी आणा. उतरवल्यावर कोथिंबीर आणि लिंबू. बरोबर बाजरीची किंवा ज्वारीची भाकरी, परतलेला तांदुळजा किंवा मेथी आणि कच्चा कांदा. मोड तयार असले की तासाभरात सगळा स्वयंपाक होतो.

रोज मटकी नको. एक दिवस डाळ-पालक, एक दिवस वरणफळे, एक दिवस हुलग्याचे शेंगोळे. वरणफळांत गहू आणि तूर एकाच पातेल्यात शिजतात, वेगळी पोळी लाटावी लागत नाही. कामावरून थकून आलेल्या बाईला हा मोठाच आधार. हुलग्याचे माडगे, कण्या, अंबाडीची भाजी हे आपल्या आजी-आईंचे पदार्थ. 'गरिबाचे खाणे' म्हणून त्यांची आपल्याला लाज वाटू लागली. शाहू पाटोळे यांनी 2015 साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलितांच्या अशा खाण्याची नोंद केली. 2023 हे वर्ष जगभर भरडधान्य वर्ष म्हणून पाळले गेले आणि ज्वारी-बाजरी-नाचणी मोठ्या हॉटेलांतही दिसू लागली. मग आपणच आपल्या भाकरीला कमी का लेखावे?

शाकाहारी जेवणात एक उणीव मात्र राहते. 'ब-12' हे जीवनसत्त्व धान्य, डाळी, भाज्यांतून मिळत नाही. त्यासाठी दूध, दही, ताक रोजच्या जेवणात असावे, आणि ज्यांना चालते त्यांनी अंडी खावीत.

आता सर्वात महत्त्वाचे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के होते. स्त्रीच्या शरीराला लोहाची गरजच अधिक असते, हे त्याचे एक कारण. पण अनेक घरांत दुसरेही कारण घडते, ते स्वयंपाकघरात. आधी पुरुष जेवतात, मग मुले, शेवटी बाई. तिच्या पाळीला कढईत रस्सा उरतो, मटकी संपलेली असते. ती भाकरी चटणीला लावून खाते आणि 'मला भूक नव्हती' म्हणते. ज्या जोडीबद्दल आम्ही वर इतके लिहिले, ती नेमकी तिच्याच ताटात तुटते.

यावर उपाय फुकटचा आहे. डाळ किंवा उसळ शिजली की कोणी जेवायला बसण्यापूर्वीच घरात जितकी माणसे तितक्या वाट्या मांडाव्यात आणि डावाने सारख्या भराव्यात. बाईची वाटी त्यांत असलीच पाहिजे, ती उशिरा जेवणार असली तरी झाकून ठेवावी. मोड बांधणे, भाजी निवडणे, वाट्या भरणे ही कामे पुरुषांनी आणि मुलग्यांनीही करावीत. सतत थकवा, धाप, चक्कर असेल तर नुसत्या जेवणावर भिस्त न ठेवता सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर तो रक्तक्षय समजावा. लोहाच्या गोळ्या तेथे मोफत मिळतात.

भगिनींनो आणि बंधूंनो, आज संध्याकाळी वाट्या मोजूनच जेवायला बसा. एखादी वाटी कमी पडत असेल तर ती कोणाची, हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते.