शॉकअप हार्ड केला म्हणजे झालं?



बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मध्यंतरी घरात प्लास्टर होते. (माझ्या नव्हे, नातवाच्या मनगटाला. फोन करून विचारणाऱ्या सगळ्यांचे आभार.)

नातवाकडे हिरोची एक्सपल्स आहे. २०१९ साली बाजारात आलेली ही गाडी कच्च्या रस्त्याचा विचार करूनच बनवलेली. पोरगा आमच्या मुठा गावातून रोज पिरंगुटला कामाला जातो. मधे घाट, आणि पावसाळा सरला की वळणावळणावर सुटी खडी. मागून दणके बसतात म्हणून त्याने एका गॅरेजात गाडी दाखवली. मेकॅनिकने मागचा शॉकअप शेवटच्या खाचेपर्यंत आवळला. "एकदम हार्ड करून दिलाय, आता बघायला नको!" आठवड्याभरातच घाट उतरताना मागचे चाक खडीवर उड्या मारत बाजूला सरकले आणि चिरंजीव आडवे. थोडक्यात निभावले म्हणायचे.

आता मी मराठीचा मास्तर. पण विज्ञानाचे शिक्षक रजेवर होते तेव्हा एकदा काही महिने नववीला विज्ञान शिकवले होते. रॉबर्ट हूकने १६७८ साली प्रसिद्ध केलेला स्प्रिंगचा नियम मी मुलांना सांगितला, म्हणजे वहीत उतरवून दिला. जेवढा भार, तेवढी स्प्रिंग दबणार. त्याचा आपल्या बुडाशी काही संबंध आहे, हे मात्र सत्तरी उलटल्यावर कळले!

प्लास्टर असलेला नातू मोबाईलवर वाचून सांगत होता आणि मी सौ.ची शिवणाची टेप घेऊन मोजत होतो. मागचे चाक अधांतरी ठेवून आसापासून सीटखालच्या एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यायचे. मग चालवणाऱ्याने गाडीवर बसायचे आणि तेच अंतर पुन्हा घ्यायचे. दोन्हींतला फरक म्हणजे गाडी त्याच्या वजनाने किती बसली ते. या गाडीच्या मागच्या चाकाला वरखाली व्हायला १७० मिलिमीटर जागा आहे. त्यातली साधारण पाव ते एक तृतीयांश, म्हणजे ४० ते ५५ मिलिमीटर, माणूस बसल्यावर वापरली जावी. नातू भरला अठ्ठावन्न किलो. त्याचा फरक आला पंचवीस!

गंमत इथेच आहे. आपल्याला वाटते, शॉकअप दबण्यासाठी असतो. पण त्याला उलगडायचेही असते. पुढे खड्डा आला की चाकाने खाली जाऊन जमीन धरली पाहिजे. गाडी आधीच पूर्ण ताठ उभी असेल तर चाक खाली जाणार कुठे? ते हवेतच राहते, आणि हवेतल्या चाकाला ना ब्रेक लागतो, ना वळण घेता येते. म्हणजे पाठीचे सुख आणि गाडीवरचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. शिवाय खाच फिरवून स्प्रिंग कठीण होते हाही भ्रम. स्प्रिंग तीच राहते, फक्त आधीच दाबून ठेवल्याने सीट उंच होते.

याच्या उलट, मी मागे बसलो की गाडी ढुंगण टेकते, पुढचे चाक हलके पडते आणि हेडलाईटचा झोत आंब्याच्या शेंड्यावर. तेव्हा मात्र दोन-तीन खाचा आवळायलाच हव्यात.

माझी तक्रार एवढीच, की गॅरेजमध्ये कोणी वजन विचारत नाही. शिंपीसुद्धा मापाशिवाय कात्री लावत नाही हो! जानेवारी २०२४ मध्ये बालेवाडीला सुपरक्रॉसच्या शर्यती झाल्या. अशा शर्यतींतल्या गाड्यांचे शॉकअप त्या त्या स्वाराच्या वजनाप्रमाणे लावलेले असतात. तिथे ते आवश्यक, आणि खडीच्या घाटातून रोज जाणाऱ्या पोराला मात्र सरसकट 'हार्ड'?

अर्थात मेकॅनिकची बाजूही आहे. दारात दहा गाड्या उभ्या असतात. आणि आमचा दूधवाला जाताना भरल्या किटल्या, येताना रिकाम्या घेऊन येतो. तो काय वाटेत पाना काढून बसणार? त्याने भरल्या गाडीचेच माप धरावे हे मलाही पटते. पण एकट्या माणसाने एकदा तरी मोजावे. आणि पुढच्या शॉकअपमधून तेल गळत असेल तर आधी ते बघावे. दबलेल्या स्प्रिंगला परत येताना आवरते ते तेल. ते गेले की गाडी प्रत्येक दणक्यानंतर डुलत राहते, मग खाचा कितीही फिरवा.

नातवाची गाडी आता पंचेचाळीसवर आहे. घाट तोच, खडीही तीच. मागचे चाक खडीवर उडत नाही म्हणतो. दणके मात्र "थोडे" कमी झालेत, असे प्रामाणिकपणे सांगतो.

कोथरूडच्या भाच्याने फोनवर विचारले होते, त्याला इथेच सांगतो: रविवारी गाडी घेऊन ये. एकाने बसायचे, एकाने गाडी धरायची, एकाने मोजायचे. आम्ही दोघे आहोतच.