विश्लेषण : रिमोटची विमाने उडवायला आलेले नवखे टिकत का नाहीत?

नियम सैल झाले, सुटे भाग घरपोच मिळू लागले. तरीही रिमोट कंट्रोलची विमाने उडवण्याचा छंद लागलेले बरेच जण पहिल्या अपघातानंतर मैदानाकडे फिरकत नाहीत. अडचण नेमकी कुठे आहे?

कायदा आडवा येतो का?

पूर्वीइतका नाही. ड्रोन नियम २०२१ नुसार छंद, शिक्षण किंवा संशोधनासाठी नजरेच्या टप्प्यात उडवल्या जाणाऱ्या, २५ किलोपर्यंतच्या मॉडेल विमानांना टाइप सर्टिफिकेट लागत नाही. दोन किलोपर्यंतच्या बिगरव्यावसायिक उड्डाणासाठी रिमोट पायलट प्रमाणपत्राची अटही नाही. नवख्याचे फोमचे विमान सहसा याहून बरेच हलके असते.

मग पहिले विमान पडते कशामुळे?

अनेकदा ड्रोनच्या सवयीमुळे. जीपीएसचा ड्रोन रिमोटची कांडी सोडली की हवेत जागच्या जागी थांबतो. विमानाला ती सोय नाही. वेग फार कमी झाला की पंखांची उचल संपते आणि ते कोसळते. दुसरा घोळ दिशेचा. विमान दूर जाताना कांडी डावीकडे नेली की ते डावीकडे वळते. तेच समोरून परत येत असेल, तर उडवणाऱ्याच्या उजवीकडे जाते. नवखा गोंधळून उलटी कांडी दाबतो आणि महिनाभर खपून जोडलेले विमान क्षणात मातीत जाते. खरे तर फोमचे तुटलेले नाक ग्लू गनने तासाभरात जोडता येते, पण हे सांगणारे कोणी शेजारी नसते.

यावरचा उपाय जुनाच आहे. दोन ट्रान्समीटर एकमेकांना जोडायचे. एक शिकणाऱ्याच्या हाती, दुसरा शिकवणाऱ्याच्या. चूक झाली की शिकवणारा स्विच सोडून ताबा घेतो. त्याआधी सिम्युलेटरवर हात बसवला तर उत्तम. तिथे कितीही विमाने पाडा, फुकट. तोल सांभाळणारा जायरो विमान वाचवतो, पण केवळ त्याच्या भरवशावर उडवणे शिकून होत नाही.

खरी टंचाई कशाची?

जागेची. ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मात्र ही मर्यादा २०० फुटांवर येते, आणि त्याहून जवळ परवानगीशिवाय उडवता येत नाही. मुंबई-पुण्यात विमानतळ वस्तीतच आहेत. शिवाय मुंबई पोलिसांच्या वेळोवेळीच्या मनाई आदेशांत ड्रोन, पॅराग्लायडरसोबत रिमोटवरची छोटी विमानेही येतात. म्हणजे शहराबाहेर जाणे आले. चौदा वर्षांच्या मुलासाठी याचा अर्थ, आईबाबांना वेळ असेल तरच.

एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकवले जाते, अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्पर्धांसाठी विमाने बांधतात. तिथे जागा, शिक्षक, सोबती आयते मिळतात. कॉलेज संपले की ते सुटते आणि ट्रान्समीटर माळ्यावर जातो. क्लब असले, तरी रविवारी सकाळी मुरलेली मंडळी आपापल्या मोठ्या विमानांत गुंतलेली असतात. त्यातला एक तास आणि जोडलेला दुसरा ट्रान्समीटर नवख्यांसाठी राखून ठेवायला फारसा खर्चही येत नाही.