यादी हवीच, पण कुणाच्या शब्दांची?

मंडळी, आपल्या धंद्यातलं लाडकं वाक्य: "आत्ता फ्री टेक्स्ट ठेव रे, डेटा नंतर क्लीन करू." हे 'नंतर' कधीच येत नाही. तरी दर प्रोजेक्टात हेच!

आमच्या तेल्हाऱ्याकडचं उदाहरण घ्या. शेतात पीक एकच. कुणी कापूस म्हणतो, कुणी कपाशी, अस्सल वऱ्हाडी माणूस पऱ्हाटी. रकाना मोकळा सोडला की एकाची तीन पिकं झाली. त्यात 'पऱ्हाटी'तला तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक नुक्त्याच्या ऱ ने, दुसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारा जॉइनर टाकून. स्क्रीनवर सेम टू सेम, डेटाबेसला वेगळे. नेहमीचं नॉर्मलायझेशनही त्यांना एक करत नाही. म्हणजे शुद्धलेखन पक्कं असूनही पिकं चार! करा आता ग्रुप बाय.

तेव्हा यादी पाहिजेच. माझं भांडण आहे ते एसीत बसून पाच नावांचा इनम ठोकणाऱ्यांशी. अहो, यादीत नसलेलं पीक शेतातून नाहीसं होत नाही! माणूस त्यातल्या त्यात जवळचं काहीतरी निवडतो, फॉर्म सबमिट होतो, आणि खोटी नोंद 'व्हॅलिड' म्हणून कायमची बसते. मोकळ्या रकान्यातली घाण निदान दिसते तरी.

आमच्याकडे कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. एका रकान्यात एकच पीक मावत असेल तर तूर गेली कुठे? गाव नमुना बारामध्ये मिश्र पिकाचे रकाने कॉम्प्युटर यायच्या आधीपासून आहेत. तलाठ्याच्या कागदाला जे कळत होतं, ते आपल्या स्कीमाला कळू नये?

आणि हा नुसता थिअरीचा वाद नाही. 2021 च्या 15 ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाईलवरून पीक नोंदवतो. विमा असो, हमीभावाने विक्री असो, ही नोंद बघितली जाते. तिथे चुकीचा पर्याय म्हणजे नुसता बग नाही, खरेदी केंद्रावरून भरलेली परत आलेली गाडी आहे.

उपाय काही नवा नाही. जागतिक अन्न व कृषी संघटनेचा 'अ‍ॅग्रोव्होक' हा शब्दसंग्रह 1980 च्या दशकापासून आहे: संकल्पना एक, तिला अनेक भाषांतली नावं, वर समानार्थी शब्दही. तेच करा. कोड बंद ठेवा, शब्द उघडे ठेवा. पऱ्हाटी शोधली की कापूस सापडू द्या. 'इतर' ठेवा, पुढे लिहायला जागा द्या, आणि ते दर महिन्याला वाचून यादी वाढवणारा माणूस नेमा.

माणूस नेमायचा नसेल तर यादीही करू नका. कुलूप लावायचं आणि किल्ली कुणाकडेच नाही, याला डेटा मॉडेलिंग म्हणत नाहीत.